शहाबादीवर लाकूड

आप्पांचे गुडघे आणि सोप्यातली, म्हणजे घराच्या पुढच्या भागातली, शहाबादी फरशी यांचं गेल्या काही वर्षांत अजिबात पटेनासं झालं होतं. आप्पा म्हणजे माझे सासरे. पहाटे उठून सोप्यात खांबाला टेकून बसायची त्यांची जुनी सवय, आणि बेळगावचा पाऊस काय, थंडी काय, दोन्ही तळपायातून वर चढणारी. मोजे झाले, सपाता झाल्या, सतरंजी झाली. सतरंजीच्या दुमडीत पाय अडकून ते पडता पडता वाचले, तेव्हा आमच्या ह्यांनी जाहीर केलं की सोप्याला लाकडाची जमीन करायची. हे उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, मशीन शॉपला आहेत, दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी भांडतात. त्यामुळे घरी जे काही काम निघतं त्यात मापं त्यांची आणि माणसं माझी, अशी वाटणी ठरलेली आहे.

खरं तर दगड लाकडापेक्षा थंड नसतो. एकाच खोलीत दोघांचं तापमान सारखंच असतं. फरक एवढाच की दगड पायातली ऊब भराभर ओढून घेतो आणि लाकूड ती सावकाश घेतं. हे मी आप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग ओढून घेतोय म्हणजे थंडच की तो."

घर बेळगावातल्या शहापूरचं. शहापूर सांगली संस्थानात होतं त्या काळातलं. आप्पांच्या वडिलांनी ते एका विणकर कुटुंबाकडून घेतलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, सोप्यात दगडी तळखड्यांवर उभे असलेले दोन सागवानी खांब. शहाबादी नंतर बसली. त्याआधी सारवलेली जमीन होती, हे सासूबाईंना पक्कं आठवतं, कारण लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं ते सारवण त्यांच्याच वाट्याला होतं.

फरशी उखडायची की तिच्यावरच लाकूड घालायचं, हा प्रश्न गवंड्याने फार वेळ ठेवला नाही. जुन्या मातीच्या भिंतीजवळ ब्रेकर चालवला की वरच्या गिलाव्यापासून कौलांपर्यंत सगळं हलतं. शिवाय चौकटींचे पाय फरशीच्या खालपर्यंत गेलेले असतात, ते मोकळे झाले की दार लागेनासं होतं. राडारोडा कुठे टाकायचा हा आणखी एक प्रश्न, कारण आमच्या बोळात रिक्षासुद्धा उलटी घ्यावी लागते. म्हणून फरशी राहू द्यायची आणि तिच्यावर काम करायचं, असं ठरलं.

मग लाकूड कोणतं? खानापूरकडचे एक सुतारमामा आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. ते म्हणाले, दांडेलीचा साग घ्या, तक्ते पाडून देतो, खाली रिपा मारून वर खिळे ठोकतो, पणतवंडं नाचतील. त्यांनी दाखला दिला तो आमच्याच माळ्याचा. तिथले तक्ते घराइतकेच जुने आहेत आणि अजून कुरकुरत नाहीत. दाखला खोटा नव्हता, पण माळ्याच्या लाकडाला खालून वारा लागतो. जमिनीला टेकलेल्या लाकडाला वारा नाही, उजेड नाही, आणि वाळवीला मात्र अंधारातली सरळ वाट. रिपांमुळे उंचीही इतकी वाढली असती की उंबरा बुडाला असता. उंबरा बुडवायला सासूबाई तयार नव्हत्या आणि त्यावर कुणी चर्चाही केली नाही.

दुकानात गेल्यावर लॅमिनेट समोर आलं. दिसायला देखणं, किमतीला हलकं. पण त्याच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो. सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही परत बसत नाहीत. दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या फळ्याही होत्या, त्यांना पाणी लागत नाही. त्यांवर मी अनवाणी उभी राहून पाहिलं, आप्पांसाठी त्यांचा उपयोग नव्हता. शेवटी इंजिनिअर्ड लाकूड घेतलं. खाली प्लायचे आडवे-उभे थर, वर खऱ्या सागाचा तीन मिलिमीटरचा थर, एकूण जाडी चौदा. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला फुगतं. थर एकमेकांवर आडवे बसवले की एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. मला मिळालेल्या दरपत्रकात ते लॅमिनेटच्या जवळजवळ तिप्पट होतं. ह्यांनी आकडा पाहून चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच होता.

इथे दुकानाच्या मुलाचं कौतुक करायला हवं. निपाणीकडचा पोरगा, माझ्याशी कानडी-मराठी मिसळून बोलणारा. विकायची घाई त्याला असायला हवी होती, पण घर बघायला आला तो भर आषाढात, आणि भिंतीला हात लावूनच म्हणाला, "आत्ता नको आक्का. आधी प्लॅस्टिक लावूया."

प्लॅस्टिकची ही परीक्षा जुन्या घरात कुणीही करू शकतो आणि तिला काही पैसे पडत नाहीत. हात-दीड हात लांबीरुंदीचा जाड पॉलिथिनचा तुकडा फरशीवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि किमान एक रात्र, जमलं तर दोन-तीन दिवस तसाच राहू द्यायचा. पावसाळ्यात आपल्याकडे फरशीला घाम येतो. तो कधी हवेतल्या दमटपणाचा असतो, तर कधी खालून चढलेल्या ओलीचा, आणि दिसायला दोन्ही सारखेच. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला पाणी जमलं तर ते हवेतलं. खालच्या बाजूला थेंब दिसले, किंवा खालची फरशी काळपट पडली, तर ओल जमिनीतून येते आहे. आम्ही सोप्यात जागोजागी तुकडे लावले, माजघरातही लावले. सोपा बहुतेक कोरडा निघाला. फक्त रस्त्याकडच्या भिंतीलगत प्लॅस्टिकच्या पोटाला थेंब होते. माजघरात मात्र सगळीकडे. पोरगा वाकून बघत म्हणाला, "नीर बरतैती आक्का, इथं आगल्ल." म्हणजे पाणी येतंय, इथे जमणार नाही.

परीक्षा पावसाळ्यातच का, हे मला तेव्हा उमगलं. एप्रिलमध्ये केली असती तर सगळं घर कोरडं निघालं असतं, आम्ही खुशीत फळ्या घातल्या असत्या आणि श्रावणात त्या काळ्या पडल्या असत्या.

रस्त्याकडच्या ओलीचं कारण बाहेर होतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर थरावर थर चढत गेले, घराचं जोतं मात्र होतं तिथेच. आप्पांच्या लहानपणी तीन पायऱ्या चढून घरात यावं लागायचं, आता दीड उरली आहे. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडायचं आणि रस्त्याचा उतार ते तिथेच धरून ठेवायचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी आसपास पसरलं होतं, तेव्हा ते आमच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. त्याचा डाग दगडावर अजून आहे.

बाजारात जे ते दुकान सांगतं की खाली पॉलिथिन अंथरलं की ओलीची काळजी नाही. हे अर्धंच खरं. प्लॅस्टिक पाण्याला अडवतं, नाहीसं करत नाही. फरशीतून आधी जी ओल हवेत उडून जायची ती आता वाट शोधत भिंतीकडे जाणार, आणि आमच्या भिंती मातीच्या. म्हणून फळ्यांच्या आधी कौलांच्या कडेला पत्र्याची पन्हळ लावली, पाणी पाइपने थेट गटारीत सोडलं आणि भिंतीच्या पायाशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटची पट्टी ओतली. लोक घर बघायला येतात तेव्हा फळ्या बघतात. पैसे सार्थकी लागले ते त्या पन्हळीत, असं माझं मत आहे. आमच्या ह्यांना ते मान्य नाही, त्यांचं प्रेम फळ्यांवरच.

मग फरशी वाजवून बघायचं काम. गवंड्याने हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकली. घट्ट बसलेली फरशी टणक आवाज देते, खालून सुटलेली भदभदते. खिडकीजवळ एका लांबट पट्ट्यात सलग भदभद आवाज आला, आणि डोळे बारीक करून पाहिलं तर तिथे जमीन किंचित खचलेलीही होती. गवंडी घाबरला, मला वाटलं उंदरांची बिळं असतील. आप्पा खांबाजवळून म्हणाले, "अरे, मागाचा खड्डा असणार तो."

तसंच निघालं. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या, म्हणजे मागाच्या पायपट्ट्या, चालवतो. उजेडासाठी माग खिडकीशी. घर विकताना माग गेला, खड्डा कुणीतरी हाताला लागेल ते टाकून भरला आणि वर सारवलं, पुढे त्यावर शहाबादी बसली. शहापूर, वडगाव, खासबाग भागात जुनं विणकराचं घर घेतलेल्यांनी खिडकीजवळची जमीन एकदा वाजवून बघावी. आम्ही तेवढ्या फरश्या उचलल्या. बोळातली पोरं दारात जमली, कारण जुन्या घरात काही उकरलं की हंडा निघतो असं सगळ्यांना वाटतं. निघाली ती कौलांची खापरं, राख आणि भुसभुशीत माती.

ती सगळी काढून मुरूम भरला. एकदम भरायचा नाही. वीतभर थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. धुमस मारणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो "झालं की वैनी" म्हणतो, तेव्हा खुर्ची टाकून तिथे बसावं लागतं. वर काँक्रीट टाकून फरश्या परत बसवल्या. आता हे काँक्रीट वाळायला हवं होतं. ते घट्ट होतं लवकर, पण आतलं पाणी निघून जायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो. चार इंच म्हणजे पुढचा हिशेब सरळ. तशात पाऊस लांबला. दिवाळी त्याच अर्धवट सोप्यात झाली. पाहुण्यांनी विचारलं की काम बंद का पडलं, पैसे संपले का. मी हो म्हटलं, समजावण्यापेक्षा सोपं होतं. संक्रांतीच्या सुमारास त्या जागेवर पुन्हा प्लॅस्टिक चिकटवलं, आणि खालची बाजू कोरडी निघाल्यावर फळ्यांची ऑर्डर दिली.

थंडीत काम करण्याचं आणखी एक कारण होतं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत ऐंशी टक्के दमटपणा असेल तर लाकडात साधारण सोळा टक्के पाणी मुरतं, चाळीस टक्के असेल तर त्याच्या निम्मं. बेळगावात एकाच वर्षात ही दोन्ही टोकं येतात. कडक उन्हाळ्यात घातलेल्या फळ्या पावसाळ्यात फुगून एकमेकींना ढकलतात. पावसाळ्यात घातलेल्या उन्हाळ्यात आक्रसून सांधे उघडतात. मधल्या हवेत घातल्या की दोन्हीकडे थोडी थोडी सूट मिळते. खोकी आली ती न उघडता सोप्यात आडवी ठेवून दिली, घराची हवा अंगी लागावी म्हणून. आप्पा त्या खोक्यांवर बसून पेपर वाचू लागले.

पातळीचं काम ह्यांनी हातात घेतलं आणि इथे मी गप्प बसले. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर फिरवायची आणि खाली किती फट राहते ते मोजायचं. तीन मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जास्त पोकळी राहिली तर तिथे पाऊल पडताना फळी दबते आणि सांध्याची जीभ झिजते. ह्यांनी कारखान्यातून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, आणलं. गवंड्याने ते हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि खिशातली विडी काढली. वर आलेल्या कडा ग्राइंडरने घासल्या, खोलगट भाग आणि फरश्यांमधल्या उघड्या फटी पातळ सिमेंटच्या मिश्रणाने भरल्या. ग्राइंडरची धूळ देवघरातल्या समईत, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर, कुठे कुठे बसली ते विचारू नका. हे काम करताना दाराला ओली चादर बांधा, एवढंच सांगते. भिंतीच्या कडेने आणि खांबांच्या पायाशी वाळवीचं औषध याच वेळी मारून घेतलं, कारण नंतर ती जागा परत दिसणार नव्हती.

फळ्या बसवायला निपाणीचा पोरगा आणि सुतारमामा एकत्र आले. मामांनी खिळ्यांची पिशवी आणली होती. पोरगा म्हणाला, खिळा नाही, डिंक नाही, फळ्या फक्त एकमेकींत अडकणार आणि सगळी जमीन मोकळी पडून राहणार. मामांना हे पटेना. "न ठोकलेली जमीन म्हणजे चटईच की ती!" पोरगा हसून म्हणाला, चटईच आहे मामा, हलली पाहिजे. खिळा मारला तर फुगताना तिथेच अडेल आणि शेजारी उचलेल. दिवसभर दोघे असे वाद घालत होते, आणि काम मात्र दोघांनी मिळून सुरेख केलं.

खाली पॉलिथिन, पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढवून चिकटवलेल्या, कडा भिंतीवर थोड्या वर घेतलेल्या. त्यावर फोमची पातळ गादी. मग पहिली ओळ, आणि तिथेच सगळं अडलं, कारण खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. जुन्या घरात ती नसतेच. एका टोकाला रुंदी दुसऱ्या टोकापेक्षा तीन-चार बोटं जास्त. भिंतीला धरून सुरुवात केली असती तर समोर पोहोचेपर्यंत तिरकेपणा डोळ्यात खुपला असता. मामांनी दारातून समोरच्या खिडकीपर्यंत दोरी ताणली आणि तिच्या हिशेबाने पहिल्या ओळीच्या फळ्या तिरक्या कापल्या. दोन्ही कडांना फळीची बारीक पट्टी उरू नये म्हणून ओळींचा हिशेबही आधीच कागदावर मांडला. भिंतीपासून चारी बाजूंनी बारा मिलिमीटर जागा सोडली, फळी सरकू नये म्हणून तिथे पाचरी मारल्या. एका ओळीतले सांधे शेजारच्या ओळीतल्या सांध्यांपासून हातभर तरी लांब ठेवले. फळ्या खिडकीच्या उजेडाच्या दिशेने लांब घातल्या, म्हणजे सांध्यांची सावली पडत नाही.

तळखड्यांनी वेळ खाल्ला. दगड चौकोनी दिसतो, पण प्रत्येक कोपरा वेगळा झिजलेला. मामांनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, दगडाला लावून पाहिला, परत कापला, आणि मग फळीला हात घातला. फळीचा सांधा बरोबर खांबाच्या मधोमध आणला, म्हणजे दोन फळ्यांत अर्धा-अर्धा आकार कापून दोन्ही बाजूंनी सरकवता येतो. तिथेही बारा मिलिमीटरची फट ठेवलीच, कारण खांबावर छप्पर आहे आणि फळी फुगली म्हणून खांब काही बाजूला होणार नाही. ती फट कॉर्कच्या पट्टीने भरली. कॉर्क दबतो आणि परत येतो.

चौकटीच्या पायाशी उलटं केलं. फळीला चौकटीच्या आकारात कापण्यापेक्षा चौकटच खालून कापली. फोमवर फळीचा तुकडा पालथा ठेवायचा, त्यावर करवत आडवी धरायची आणि चौकटीचं लाकूड तेवढ्या उंचीवर कापायचं, की फळी खाली सरकते. दाराची झडप खालून दीडेक सूत रंधून घ्यावी लागली. उंबरा होता तसाच राहिला, फक्त आतल्या बाजूने थोडा कमी उंच दिसतो. सासूबाईंनी तो हाताने चाचपून पाहिला, मग हळदकुंकू वाहिलं. कडेची पट्टी भिंतीला ठोकली, फळीला नाही. हे मामांनी स्वतःहून पोरग्याला बजावलं, जणू ती त्यांचीच कल्पना.

त्यानंतर एक पावसाळा येऊन गेला आहे. भर श्रावणात ह्यांनी एका कोपऱ्यातली पट्टी काढून फट मोजली, ती बारावरून सातवर आली होती. म्हणजे जमीन हलली, आणि हलायला जागा होती. लोखंडी कपाट आम्ही सोप्यात परत आणलं नाही, इतकं वजन एका कडेला बसलं तर फळ्या तिथे जखडतात. पुसायचं कसं यावर मात्र घरात अजून तह झालेला नाही. सासूबाईंना बादलीभर पाण्याशिवाय जमीन पुसल्यासारखी वाटत नाही आणि या जमिनीला घट्ट पिळलेला फडकाच चालतो. कुंकू सांडलं तर लगेच कोरडं टिपायचं. पाणी लावलं की रंग सांध्यात उतरतो, हे गौरीच्या वेळी कळलं. गणपती आता पाटाखाली जाड कापड घालून बसतो, समईखाली पितळी ताट असतं.

स्वयंपाकघरात लाकूड घालायचा विचार आम्ही केलाच नाही, तिथे शहाबादीसारखं काही नाही. माजघराबद्दल मात्र आप्पा रोज विचारतात, कारण रात्री झोपायला ते तिथेच असतात. तिथली ओल परसातल्या न्हाणीच्या बाजूने येते असा गवंड्याचा अंदाज आहे. न्हाणीची मोरी आणि तिचा पाइप बदलायचं काम चैत्रात काढलं आहे. ते झालं की येत्या आषाढात माजघरात पुन्हा प्लॅस्टिक लावणार. खालची बाजू कोरडी निघाली तर फळ्या, नाहीतर आप्पांची खाट सोप्यात.